दर शनिवारी सातला बसणारी वेबसाइट: रिस्टार्टच्या आधी काय बघायचं

“अगं, परत बसली बघ.”

शनिवारी संध्याकाळी सात-सव्वासातला काकांचा फोन आला की पहिलं वाक्य हेच असायचं. काकांचं गिरगावात मराठी पुस्तकांचं जुनं दुकान आहे आणि दुकानाच्या वेबसाइटचं काम माझ्याकडे आहे. दर शनिवारी सात वाजता काका आपल्या वाचकांना व्हॉट्सअ‍ॅपवर नव्या पुस्तकांचा निरोप पाठवतात, खाली लिंक. निरोप पोचला की पाच-सात मिनिटांत साइट जड व्हायची. आधी पान उघडायला दहा-बारा सेकंद, मग नुसतं फिरणारं चक्र, मग पांढऱ्या पानावर ‘504 गेटवे टाइमआउट’. मी डोंबिवलीहून लॉगिन करायचे, सर्व्हर रिस्टार्ट करायचे, साइट लगेच सुरळीत व्हायची. वीस मिनिटांनी पुन्हा फोन.

असे आम्ही चार महिने काढले. सोमवारी शांतपणे बघायला बसावं तर साइट झकास पळत असायची, बोट ठेवायला जागा नसायची. काकांचं नुकसान मात्र खरं होतं. आठवड्यातली सगळ्यात जास्त गिऱ्हाइकं ज्या अर्ध्या तासात येतात, नेमका तोच अर्धा तास दार बंद.

निकालाच्या दिवशी, नाटकाचं बुकिंग उघडल्यावर, मंडळाच्या वर्गणीची लिंक फिरल्यावर, अशी ठरावीक वेळी ज्यांची साइट बसते, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आमची मांडणी अगदी साधी आहे: दोन जीबी रॅमचा भाड्याचा सर्व्हर, त्यावर उबुंटू (लिनक्सचाच एक प्रकार), एंजिनएक्स (वाचकाची विनंती घेणारा वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पानं तयार करणारा) आणि मायएसक्यूएल (डेटाबेस). तुमच्याकडे एंजिनएक्सऐवजी अपाचे असेल तर सेटिंगची नावं बदलतील, शोधायची पद्धत तीच राहील.

रिस्टार्टने नेमकं काय होतं

रिस्टार्टने बिघाड दुरुस्त होत नाही. रांगेत उभी असलेली माणसं हाकलली जातात, एवढंच. त्यातली निम्मी कंटाळून निघून जातात, म्हणून थोडा वेळ शांत वाटतं. उरलेली परत आली की रांग पुन्हा भरते. आणि कोण कशासाठी अडकलं होतं हे सांगणारी सगळी माहिती त्या रिस्टार्टमध्ये पुसली जाते. चार महिने मी दर शनिवारी पुरावा स्वतःच्या हाताने पुसत होते. म्हणून पाचव्या महिन्यात काकांना सांगितलं, “या शनिवारी मी काही करणार नाही. साइट बसू दे. मला फक्त बघू दे.” काका दोन क्षण गप्प राहिले आणि म्हणाले, “बघ. पण नीट बघ.”

आधी वेळ कुठे जातो ते वेगळं करा

‘साइट स्लो आहे’ या एका वाक्यात तीन वेगळ्या तक्रारी लपलेल्या असतात. सर्व्हरपर्यंत पोचायलाच वेळ लागतो, सर्व्हर उत्तर तयार करायला वेळ घेतो, किंवा तयार उत्तर फोनपर्यंत वाहून यायला वेळ लागतो. तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. उत्तर तयार व्हायलाच वेळ लागत असेल तर फोटो कितीही लहान केले तरी फरक पडणार नाही.

क्रोममध्ये डेव्हलपर टूल्समधली नेटवर्कची पट्टी उघडा, पान पुन्हा लोड करा आणि सगळ्यात वरच्या ओळीवर क्लिक करून टायमिंग बघा. सर्व्हरच्या उत्तराची वाट बघण्याचा वेळ आणि मजकूर उतरवण्याचा वेळ तिथे वेगळे दिसतात. टर्मिनलची सवय असेल तर कर्ल या कमांडने हेच जास्त स्वच्छ दिसतं: नाव शोधायला किती, जोडणीला किती, ती सुरक्षित करणाऱ्या टीएलएसला किती, पहिला बाइट यायला किती, एकूण किती.

यापेक्षा उपयोगी पडलं ते एंजिनएक्सचं लॉग, म्हणजे प्रत्येक विनंतीची नोंदवही. मूळच्या लॉगमध्ये वेळेचा आकडा नसतो. लॉग फॉरमॅटमध्ये दोन गोष्टी जोडा: रिक्वेस्ट टाइम आणि अपस्ट्रीम रिस्पॉन्स टाइम. पहिला म्हणजे विनंती आल्यापासून शेवटचा बाइट पाठवून होईपर्यंतचा वेळ, दुसरा म्हणजे त्यातला पीएचपीने खाल्लेला वेळ. दोन्ही आकडे मोठे आणि जवळपास सारखे असतील तर दोष आत आहे, पीएचपीत किंवा डेटाबेसमध्ये. पहिला मोठा आणि दुसरा लहान असेल तर समोरच्याचं नेटवर्क मंद आहे किंवा तुम्ही त्याला फार जड पान पाठवताय. लहानशा पानांवर हा दुसरा फरक उठून दिसत नाही, मोठ्या पानांवर दिसतो.

आमच्या लॉगमध्ये शनिवारी सात वाजून सहा मिनिटांनी दोन्ही आकडे एकदम वर गेले आणि हातात हात घालून वरच राहिले. नेटवर्कचा दोष नाही, फोटोंचा नाही, वाचकांच्या फोनचा तर नाहीच.

पाच माणसं, आणि पाचही माळ्यावर

पीएचपी-एफपीएमचं लॉग उघडलं तर तिथे इशारा पडलेला होता: मॅक्स चिल्ड्रनची (एका वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसची) मर्यादा 5 गाठली आहे, ती वाढवायचा विचार करा. पॅकेज बसवलं की ही मर्यादा मुळातच 5 असते आणि बहुतेक जण तिला कधी हात लावत नाहीत. याचा अर्थ असा की एका वेळी फक्त पाच पानं तयार होऊ शकतात. सहावा वाचक रांगेत.

पाच हा आकडा ऐकायला भयंकर वाटतो, पण नुसत्या आकड्यावर जाऊ नका. एक पान तयार व्हायला 0.3 सेकंद लागत असेल तर पाच प्रोसेस सेकंदाला सोळाच्या आसपास पानं देतात. गिरगावातल्या एका दुकानाला हे भरपूर आहे. तेच पान 3 सेकंद घेऊ लागलं तर सेकंदाला दोन पानंही निघत नाहीत. आठवडाभर आमचं पान 0.3 मध्ये होत होतं, शनिवारी 3 च्या पुढे जात होतं. म्हणजे विचारायचा प्रश्न ‘माणसं कमी का पडली’ हा नव्हता. ‘प्रत्येकाला इतका वेळ का लागायला लागला’ हा होता.

पण ही अक्कल मला नंतर आली. इशाऱ्यात ‘वाढवा’ म्हटलंय म्हणून मी तो आकडा आधी थेट 50 केला होता. त्या शनिवारी साइट आधीपेक्षा लवकर बसली आणि जास्त वाईट बसली. एकेक पीएचपी प्रोसेस साठेक एमबी घेत होती. पन्नास प्रोसेस म्हणजे तीन जीबी, आणि सर्व्हरला रॅम दोन जीबी. रॅम संपली, स्वॅप (रॅमऐवजी डिस्क वापरणं) सुरू झालं, डिस्क घरघरायला लागली आणि शेवटी लिनक्सने जागा करायला म्हणून सगळ्यात मोठी प्रोसेस मारली. ती मायएसक्यूएल होती. त्यानंतर पान मंद उघडण्याचा प्रश्नच उरला नाही, पान उघडतच नव्हतं.

हा आकडा काढायची रीत सोपी आहे. गर्दीच्या वेळी एक पीएचपी प्रोसेस सरासरी किती रॅम धरते ते बघा. एकूण रॅममधून सिस्टिम आणि डेटाबेसचा वाटा वजा करा. उरलेल्याला भागा आणि जे येईल त्यातून थोडं कमीच ठेवा. आमच्याकडे सिस्टिम आणि मायएसक्यूएल मिळून 800 एमबीच्या आसपास जातात, उरतात साधारण 1200, भागिले 60 म्हणजे 20. मी 14 ठेवला. अपाचेवर मॉड-पीएचपी आणि प्रीफोर्क चालवत असाल तर हाच हिशेब मॅक्स रिक्वेस्ट वर्कर्सला लावा. तिथे तर एक साधा फोटो द्यायलासुद्धा पीएचपी पोटात घेऊन बसलेली अख्खी प्रोसेस गुंतते.

चौदा केल्यावर साइट सात वाजून सहा मिनिटांऐवजी सव्वासातला बसू लागली.

तेव्हा मला काकांचं दुकान आठवलं. दिवाळी अंकांच्या दिवसांत काकांकडे काउंटरवर पाच जण असतात. तरी कधी कधी काउंटर रिकामं दिसतं आणि बाहेर फूटपाथपर्यंत गिऱ्हाईक उभं, कारण पाचही जण शिडी लावून माळ्यावर पुस्तक शोधायला चढलेले असतात. अशा वेळी सहावा माणूस आणला तर तोही माळ्यावरच जातो. बघायला हवं होतं ते माळ्यावर काय चाललंय ते.

माळ्यावर काय चाललं होतं

दोन ठिकाणी बघितलं. एक, पीएचपी-एफपीएमचं स्लो लॉग. त्यात वेळेची मर्यादा 3 सेकंद दिली की त्यापेक्षा जास्त रेंगाळलेली प्रत्येक विनंती कोणत्या फायलीच्या कोणत्या ओळीवर अडकली आहे, ते लिहून ठेवतं. सगळ्या नोंदी एकाच जागी बोट दाखवत होत्या: डेटाबेसला विचारलेला प्रश्न, म्हणजे क्वेरी. पीएचपी स्वतः काहीच काम करत नव्हती, नुसती उभी होती. सर्व्हरचा सीपीयूही निवांत होता. साइट बसलेली आणि सीपीयू रिकामा, हे दृश्य दिसलं की समजावं, कुणीतरी कुणाचीतरी वाट बघतंय.

दुसरं, मायएसक्यूएलचं स्वतःचं स्लो क्वेरी लॉग. ते जवळजवळ कोरं होतं. इथे मी पूर्ण एक आठवडा वाया घालवला, म्हणून हे नीट वाचा. त्या लॉगची मूळ मर्यादा 10 सेकंद असते, ती मी 1 वर आणली, तरी मोजक्याच ओळी आल्या. कारण क्वेरी सुरू होण्याआधी लॉक (टेबलचं कुलूप) मिळवण्यात गेलेला वेळ मायएसक्यूएल क्वेरीच्या वेळेत धरत नाही. समजा एखादी क्वेरी वीस सेकंद दाराबाहेर उभी राहिली आणि आत जाऊन पाव सेकंदात काम करून आली, तर या लॉगच्या दृष्टीने ती पाव सेकंदाची. स्लो लॉग कोरं आहे म्हणून डेटाबेस निर्दोष, असं समजू नका.

खरं उत्तर मिळालं ‘शो प्रोसेसलिस्ट’मध्ये. ही कमांड त्या क्षणाला कोण काय करतंय ते दाखवते, म्हणूनच ती साइट बसलेली असतानाच चालवावी लागते. त्या शनिवारी सात वाजून नऊ मिनिटांनी माझ्या पडद्यावर चौदा ओळी होत्या. बारा ओळींपुढे एकच शेरा: टेबल लेव्हल लॉकसाठी थांबलेय. एक ओळ शोधाची, प्रत्यक्ष चालू असलेली. आणि त्या दोघांच्या मध्ये एक छोटीशी अपडेट, तीही थांबलेली.

ते चित्र उलगडून सांगते. ही साइट 2009 च्या सुमारास कुणीतरी बांधली. तेव्हा मायएसक्यूएलमध्ये टेबल बनवलं की ते आपोआप मायआयसॅम प्रकारचं व्हायचं. इनोडीबी हा मूळ प्रकार झाला तो 5.5 या आवृत्तीपासून, 2010 च्या अखेरीस. नंतर आवृत्त्या बदलत गेल्या, पण जुनी टेबलं आपणहून बदलत नाहीत. आमचं पुस्तकांचं टेबल अजून मायआयसॅमच होतं. मायआयसॅममध्ये कुलूप लागतं ते अख्ख्या टेबलला, एका ओळीला नाही. कितीही जण एकाच वेळी वाचू शकतात, पण लिहिणारा एक आला की तो एकटाच आत असतो.

आणि लिहिणारा दर क्षणी येत होता. पुस्तकाच्या पानावर खाली ‘हे पुस्तक इतक्या वेळा पाहिलं गेलं’ असा आकडा होता. कुणीही पान उघडलं की त्याच पुस्तकांच्या टेबलात तो आकडा एकने वाढायचा. त्यात शोधाची खिडकी. शोध लिहिला होता असा, की शब्द नावात, लेखकात आणि अख्ख्या परिचयात कुठेही, मध्यातसुद्धा सापडला पाहिजे. शब्दाच्या आधीही काहीही चालेल असं म्हटलं की इंडेक्सचा (डेटाबेसच्या सूचीचा) उपयोग होत नाही, टेबल पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचावं लागतं. त्याला दोन-तीन सेकंद लागायचे.

आता क्रम बघा. एकाने शोध घेतला, त्याचं वाचन चालू. दुसऱ्याने पान उघडलं, आकडा वाढवायची अपडेट आली, ती शोध संपायची वाट बघत थांबली. मायआयसॅम थांबलेल्या लिहिणाऱ्याला वाचणाऱ्यांच्या आधी नंबर देतं, त्यामुळे त्याच्यामागून आलेले सगळे वाचक, ज्यांना खरं तर शोधाबरोबर शेजारी उभं राहून वाचता आलं असतं, तेही त्या अपडेटच्या मागे थांबले. अपडेट झाली, तोवर दुसऱ्या कुणीतरी शोध घेतला. पुन्हा तेच. एरवी दिवसभरात शोध आणि अपडेट एका सेकंदात क्वचित गाठ घालत. शनिवारी सातला शेकडो जण एकाच लिंकवर आले की गाठ पडणारच. सोमवारी काही दिसत नव्हतं ते याचमुळे.

काय बदललं

पहिलं, टेबलं इनोडीबी केली. एका ओळीची कमांड आहे, पण आधी बॅकअप घ्या आणि रात्री करा, कारण बदल चालू असताना त्या टेबलात कुणाला लिहिता येत नाही. इनोडीबीत कुलूप ओळीला लागतं आणि साधं वाचन लिहिणाऱ्यासाठी थांबत नाही. त्यासोबत इनोडीबी बफर पूल (डेटा धरून ठेवायला दिलेली रॅम) बघा. मूळ आकडा 128 एमबी असतो. तुमचा डेटा त्यापेक्षा मोठा असेल आणि रॅम परवडत असेल तरच वाढवा, आणि वाढवला तर पीएचपीचा वरचा हिशेब पुन्हा मांडा.

दुसरं, तो पाहिलं गेल्याचा आकडा पानावरून काढला. काकांना तो हवा होता, कोणती पुस्तकं लोक बघतात हे कळतं म्हणून. आता रात्री एकदा एंजिनएक्सच्या लॉगमधून मोजून वेगळ्या टेबलात टाकते. काकांना सकाळी आकडा मिळतो आणि वाचकाला त्यासाठी थांबावं लागत नाही.

तिसरं, शोधासाठी फक्त नाव आणि लेखक असलेलं छोटं टेबल केलं. परिचयाच्या मजकुरात शोधायची सोय गेली. गेले कित्येक शनिवार एकाही वाचकाने ती मागितलेली नाही.

या तीन गोष्टींनंतर शनिवारी साइट बसली नाही. पुढचं जे आहे ते वेग वाढवण्याचं काम, आणि ते करायला मला मनापासून आवडतं. पण ते वरच्या कामाच्या नंतरचं आहे.

एका मिनिटाचा कॅश आणि 19 नोव्हेंबर 1981

शनिवारी शेकडो लोक तेच एक पान मागतात. ते प्रत्येकासाठी नव्याने तयार करायची गरज नाही. एंजिनएक्समध्ये फास्टसीजीआय कॅश आहे: एकदा तयार झालेलं पान ठरावीक वेळ जपून ठेवायचं आणि पुढच्यांना तेच द्यायचं. मी 60 सेकंद ठेवले. किंमत किंवा साठा बदलला तर जास्तीत जास्त एक मिनिट जुनं दिसेल, काकांना ते चालतं. दोन जोडसेटिंग जरूर लावा: कॅश लॉक, म्हणजे पान कॅशमध्ये अजून नसताना शंभर जण एकदम पीएचपीवर तुटून पडत नाहीत, एकच जातो. आणि ‘अपडेट होईपर्यंत जुनं द्या’ हा पर्याय, म्हणजे मुदत संपल्यावर नवं पान आणायला एकच जातो आणि बाकीच्यांना थांबावं लागत नाही.

मी हे सगळं लावलं आणि काहीच झालं नाही. प्रत्येक विनंती पीएचपीकडेच जात होती. उत्तराचे हेडर (पानासोबत जाणाऱ्या सूचना) उघडून बघितले तर तिथे तारीख दिसली: मुदत समाप्त, 19 नोव्हेंबर 1981. ही तारीख दिसली की ओळखा, पीएचपीने सेशन (त्या एका वाचकाची तात्पुरती नोंद) सुरू केलंय. सेशन सुरू झालं की पीएचपी ‘हे पान साठवू नका’ असं सांगणारे हेडर पाठवते, त्यातलीच ही जुनी तारीख, आणि सोबत कुकीही पाठवते. एंजिनएक्स दोन्हींचा मान राखून पान साठवत नाही. ते बरोबरच आहे. आमच्या कोडमध्ये प्रत्येक पानाच्या पहिल्या ओळीला सेशन सुरू होत होतं, नुसतं पुस्तक बघायला आलेल्यालाही. मी ते पिशवीत पुस्तक टाकल्यावरच सुरू होईल असं केलं.

एंजिनएक्सला ‘ते हेडर दुर्लक्षित कर’ असं सांगता येतं आणि अनेक ठिकाणी तोच सल्ला दिलेला सापडतो. तो उपाय करू नका. एका वाचकाची पिशवी, त्याचा पत्ता, त्याचा फोन नंबर पुढच्या साठ सेकंदांत दुसऱ्या वाचकाला दिसू शकतो. सेशनची कुकी असेल तर कॅश टाळा, आणि पिशवी, पैसे भरणं, खातं ही पानं कॅशच्या बाहेरच ठेवा.

मराठी पानाचं वजन

हे मराठी साइट चालवणाऱ्यांनी तरी जाणून घ्यायलाच हवं. यूटीएफ-8 मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त यांची गणती वेगळी. ‘पुस्तक’ या शब्दात प, उकार, स, हलन्त, त, क अशी सहा चिन्हं, म्हणजे 18 बाइट. इंग्रजीतला त्याच अर्थाचा शब्द चार बाइटांत बसतो. दिलासा असा की त्या प्रत्येक तिनांतले पहिले दोन बाइट जवळजवळ सारखेच असतात, त्यामुळे देवनागरी मजकूर जीझिपने (पाठवण्याआधी मजकूर दाबून लहान करण्याच्या पद्धतीने) फार छान दाबला जातो. मराठी साइटवर जीझिप बंद असणं म्हणजे वाचकाच्या डेटा पॅकवर सरळ भुर्दंड.

जीझिप चालू आहे असं दिसलं तरी खात्री करा. उबुंटूच्या पॅकेजमध्ये ते चालू असतं, पण कोणत्या प्रकारच्या फायली दाबायच्या ती यादी बंद ठेवलेली असते, आणि यादी नसेल तर फक्त एचटीएमएल दाबलं जातं. सीएसएस, जावास्क्रिप्ट, जेसन, एसव्हीजी हे सगळं फुगलेलंच जातं. यादी उघडा, हे चार प्रकार घाला. दाबण्याची पातळी 5 पुरे, 9 केली तर सीपीयू जास्त खर्च होतो आणि आकार नावाला कमी होतो. जेपेग फोटो आणि वॉफ-2 फॉन्ट त्यात घालू नका, ते आधीच दाबलेले असतात. एंजिनएक्सच्या पुढे दुसरा प्रॉक्सी (मध्यस्थ सर्व्हर) किंवा सीडीएन (ठिकठिकाणी प्रती ठेवणारी सेवा) असेल तर जीझिप प्रॉक्सीड हे सेटिंगही बघा. ते मुळात बंद असतं, आणि मधला प्रॉक्सी आपली ओळख सांगणारा हेडर लावत असेल तर त्याच्याकडून आलेल्या विनंत्यांना दाबलेलं उत्तर जात नाही.

फॉन्टचंही तसंच. जोडाक्षरांसाठी देवनागरी फॉन्टमध्ये शेकडो आकार असतात, म्हणून त्याची फाइल रोमन फॉन्टपेक्षा बरीच जड. आमच्याकडे टीटीएफ होत्या, पाच जाडींच्या. मी वॉफ-2 केल्या आणि साधा आणि ठळक असे दोनच ठेवले. फॉन्ट डिस्प्लेला स्वॅप दिलं, म्हणजे फॉन्ट येईपर्यंत फोनमधल्याच देवनागरीत मजकूर दिसतो, पान कोरं राहत नाही.

फॉन्ट, सीएसएस, मुखपृष्ठांचे फोटो यांना ब्राउझरमध्ये वर्षभर साठवायची परवानगी द्या आणि फाइल बदलली की नावातला आकडा बदला. एंजिनएक्समधली एक खोच: एखाद्या लोकेशनच्या आत स्वतंत्र अ‍ॅड हेडर लिहिलं की वरच्या पातळीवर लिहिलेले सगळे अ‍ॅड हेडर त्या लोकेशनपुरते गळून पडतात. सुरक्षेचे हेडर अचानक गायब झाले तर तिथे बघा. मुखपृष्ठांबद्दल फार लिहीत नाही: फोनवरून काढलेला चार एमबीचा फोटो तसाच चढवू नका, रुंदी कमी करा, वेबपी करा.

सर्व्हर कुठे आहे

आमचा सर्व्हर आधी अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर होता, स्वस्त मिळाला म्हणून. गिरगावातून मागवलेलं पान गिरगावात यायला बारा हजारांहून जास्त किलोमीटर जाऊन तितकंच परत यायचं. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटरच्या आसपास धावतो, म्हणजे एका फेरीला कमीत कमी सव्वाशे मिलिसेकंद, आणि केबल सरळ रेषेत जात नाहीत म्हणून प्रत्यक्षात बरेच जास्त. जोडणीची एक फेरी, टीएलएस 1.2 च्या दोन, मग प्रत्यक्ष मागणीची एक. पीएचपीने शून्य वेळ घेतला तरी अर्धा सेकंद रस्त्यातच जातो. टीएलएस 1.3 मध्ये एक फेरी वाचते, एचटीटीपी-2 मध्ये सगळ्या फायली एकाच जोडणीवरून येतात. दोन्ही चालू करा, कष्ट काहीच नाहीत. पण वाचक मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरचे असतील तर सर्व्हर मुंबईतच घ्या. इथे डेटा सेंटरची वानवा नाही, आणि हे अंतर कोणत्याही सेटिंगने कमी होत नाही.

कोणताही बदल केला की एंजिनएक्सची चाचणी कमांड आधी चालवा, मग रिलोड करा, रिस्टार्ट नको. रिलोडमध्ये जुन्या प्रोसेस हातातलं काम संपवून जातात, वाचकाला काही कळत नाही. आणि एका वेळी एकच बदल. चार बदल एकदम केले तर कशाने फरक पडला ते कळत नाही.

रिस्टार्ट करायचंच असेल तर

दुकानातल्या दादाला मी एक छोटी स्क्रिप्ट करून दिली आहे. मी लोकलमध्ये असेन, फोन लागत नसेल तर त्याने ती चालवायची. ती आधी प्रोसेसलिस्ट, रॅम आणि स्वॅप, डिस्कवरची जागा, पीएचपी-एफपीएमची स्थिती आणि लॉगच्या शेवटच्या दोनशे ओळी तारीख-वेळेसकट एका फायलीत लिहिते, आणि मगच रिस्टार्ट करते. सगळं मिळून पाच सेकंद.

गणपतीच्या आठवड्यात ती एकदा चालवावी लागली. मी सगळ्यात आधी लॉक शोधायला गेले, पण प्रोसेसलिस्ट स्वच्छ होती. डिस्कच्या ओळीत मात्र 100 टक्के लिहिलेलं. वेळेच्या आकड्यांचं नवं लॉग मी वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवलं होतं. लॉगरोटेट (जुनी लॉग कापणारा प्रोग्राम) नेहमीच्या फोल्डरमधलीच लॉग कापतं, त्यामुळे हे लॉग कित्येक महिने न कापता वाढत गेलं. डिस्क भरली की सेशनच्या फायली लिहिल्या जात नाहीत आणि मायएसक्यूएल जागा मोकळी होण्याची वाट बघत थांबतं. घाईत ती फाइल डिलीट केली तरी जागा सुटली नाही, कारण एंजिनएक्सने ती उघडी धरून ठेवली होती. लॉग पुन्हा उघडायला सांगितल्यावर जागा मोकळी झाली. आता ते लॉग नेहमीच्या फोल्डरमध्ये आहे आणि रोज रात्री कापलं जातं.